तालिकापत्र ते संगणकीय तालिका : महाविद्यालयीन ग्रंथालयातील मराठी ग्रंथ आणि ग्रंथपालाचे बदलते कार्य

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयीन ग्रंथालयांत आज संगणक आहे, ग्रंथालय व्यवस्थापनाची प्रणाली आहे, ग्रंथांवर बारकोडच्या पट्ट्या आहेत आणि देवघेवीचे काम काही सेकंदांत होते. तरीही मराठी विभागातील विद्यार्थ्याने संगणकीय तालिकेत एखाद्या परिचित मराठी ग्रंथाचे नाव देवनागरीत टंकित केले, तर पुष्कळदा नोंद आढळली नसल्याचे उत्तर मिळते. तो ग्रंथ मात्र दहा पावलांवरील कपाटात उभा असतो. जुन्या तालिकापत्रांच्या खणात तो सापडला असता. नव्या साधनाने जे सुलभ व्हायचे तेच काही बाबतींत दुष्कर झाले, हा विरोधाभास ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत फारसा आढळत नाही. ग्रंथपालांना मात्र तो रोज भेटतो.

ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचा विचार सामान्यतः यंत्रे, निधी आणि प्रशिक्षण या तीन अंगांनी केला जातो. प्रस्तुत लेखात तो मराठी ग्रंथाच्या नोंदीच्या अंगाने केला आहे. नोंद हा ग्रंथपालाच्या व्यवसायाचा गाभा असून तंत्रज्ञानाने या व्यवसायात नेमका कोणता बदल घडविला हे तेथेच सर्वाधिक स्पष्टपणे दिसते.

पत्रतालिकेची शिस्त

साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचे जाड पत्र, खालच्या बाजूस मध्यभागी छिद्र, त्यातून जाणारी धातूची सळई आणि लाकडी खण, असे पत्रतालिकेचे स्वरूप होते. एका ग्रंथासाठी ग्रंथकार, शीर्षक, विषय आणि आवश्यकतेनुसार मालेची अथवा प्रतिनिर्देशाची अशी अनेक पत्रे करावी लागत. हे काम किचकट आणि संथ होते. परंतु त्यात एक गुण होता. पत्र लिहिणारी व्यक्ती ग्रंथ हातात घेऊन, त्याचे शीर्षकपृष्ठ वाचून, ग्रंथकाराचे नाव पूर्वी कसे नोंदविले आहे हे खणात पाहून मगच लेखणी उचलत असे. तालिकेची एकरूपता या सवयीतून येत असे.

डॉ. शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाच्या वेळेविषयी आणि पाचवे ग्रंथालयाच्या वाढत्या स्वरूपाविषयी आहे. संगणकीकरणाचे समर्थन करताना ही दोन सूत्रे हमखास पुढे केली जातात. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असा आशय असलेले तिसरे सूत्र तुलनेने कमी उच्चारले जाते. मराठी ग्रंथांच्या बाबतीत खरा प्रश्न या तिसऱ्या सूत्राचा आहे.

मराठीपुरते पाहिल्यास सूचिकार्याची परंपरा दरिद्री नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली. पुढे दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासह याच कालखंडातील मराठी नियतकालिकांची सूचीही त्यांनी केली. संगणक नसताना, गावोगावची ग्रंथालये पाहून झालेले हे काम आजच्या कोणत्याही मराठी संगणकीय तालिकेपेक्षा अचूकतेत कमी ठरणार नाही. साधन जुने असूनही काम चोख होऊ शकते, ही गोष्ट येथे नोंदवणे अस्थानी होणार नाही.

संगणकाचे आगमन

भारतीय ग्रंथालयांत संगणकीय तालिकेची सुरुवात प्रामुख्याने युनेस्कोने विनामूल्य उपलब्ध करून दिलेल्या सीडीएस-आयसिस या प्रणालीने झाली. पुढे १९९१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यातील आयुका या संस्थेच्या अंतर्गत इन्फ्लिबनेट प्रकल्प सुरू केला. १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाले आणि आज त्याचे कार्य गांधीनगर येथून चालते. या केंद्राची 'सोल' ही प्रणाली २००० मध्ये आली. २००९ मध्ये तिची दुसरी आणि २०२१ मध्ये तिसरी आवृत्ती प्रसृत झाली. पुण्यातच विकसित झालेली 'स्लिम' ही प्रणालीही राज्यातील अनेक महाविद्यालयांनी स्वीकारली.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये 'कोहा' प्रणालीचा जन्म झाला. तेथील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा हाताळू शकणार नव्हती. म्हणून १९९९ मध्ये कातिपो कम्युनिकेशन्स या संस्थेकडून नवी प्रणाली तयार करून घेण्यात आली, ती जानेवारी २००० मध्ये कार्यान्वित झाली आणि मुक्त परवान्याखाली सर्वांना खुली करण्यात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एका लहानशा सार्वजनिक ग्रंथालयाच्या अडचणीतून निघालेली ही भेट आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत वापरली जाते. प्रणाली विनामूल्य असली तरी ती बसविणे, तिची नित्य प्रत काढून ठेवणे आणि बिघाड झाल्यास दुरुस्त करणे विनामूल्य नसते, हे पुष्कळ संस्थाचालकांना उशिरा उमगते.

प्रणाली घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. खरे ओझे जुन्या ग्रंथांच्या नोंदी संगणकात उतरविण्याचे असते. उदाहरणादाखल, एखाद्या महाविद्यालयात चाळीस हजार ग्रंथ आहेत आणि एका ग्रंथाची नीट नोंद करण्यास दहा मिनिटे लागतात असे धरले, तर एकूण सुमारे ६,६६७ तास लागतात. एका व्यक्तीने रोज पाच तास फक्त हेच काम केले तरी १,३३३ दिवस, म्हणजे वर्षास अडीचशे कामाचे दिवस धरल्यास पाच वर्षांहून अधिक काळ. अनुदानित महाविद्यालयांत एक ग्रंथपाल आणि दोन-तीन परिचर एवढाच सेवकवर्ग असतो. पुष्कळ ठिकाणी ग्रंथपालाचे पदच दीर्घकाळ रिक्त राहिलेले आहे. साहजिकच हे काम नगामागे दर ठरवून बाहेरच्या यंत्रणेकडे दिले गेले. मूल्यांकन समितीच्या भेटीची तारीख जवळ आलेली असे. नोंद करणाऱ्याच्या समोर ग्रंथ नसे, दाखल नोंदवही असे. तीत जे व जसे लिहिलेले असेल तेच संगणकात गेले : उपशीर्षक गळाले, अनुवादकाचे नाव लेखकाच्या जागी गेले, संपादक आणि लेखक एक झाले. पत्रतालिकेतील शिस्त मोडली ती संगणकामुळे नव्हे, घाईमुळे.

लिपीचा प्रश्न

या घाईत मराठी ग्रंथांची सर्वाधिक हानी झाली, कारण त्यांच्यापुढे लिपीचा प्रश्न होता. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे मराठी ग्रंथ संगणकात नोंदविण्याचे दोन मार्ग प्रचारात होते. पहिला रोमन लिप्यंतराचा. लिप्यंतराची शास्त्रीय पद्धती अस्तित्वात होती. अक्षरांच्या वर-खाली चिन्हे देऊन ऱ्हस्व-दीर्घ, ल-ळ, त-ट हे सर्व भेद दाखविता येतात. प्रत्यक्षात चिन्हांविनाच लेखन झाले. एम, ए, एल, ए ही चार रोमन अक्षरे पाहून ग्रंथाच्या नावात मला, माला, मळा की माळा आहे हे कोणी सांगावे? फडके हे आडनाव कोठे पीएच-ने, कोठे एफ-ने लिहिले गेले. शिरवाडकरांच्या आडनावातील 'व' दोन वेगवेगळ्या रोमन अक्षरांनी नोंदविला गेला, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने दोन भिन्न लेखक निर्माण झाले.

दुसरा मार्ग त्या काळातील मराठी टंकांचा, म्हणजे फाँटचा. या टंकांत पडद्यावर 'क' दिसत असला तरी संगणकाच्या स्मृतीत एखादे रोमन अक्षर अथवा चिन्हच साठविले जाई. फक्त त्याचे चित्र देवनागरी असे. प्रत्येक उत्पादकाची मांडणी वेगळी होती. संगणक बदलला, टंक उपलब्ध नसला की वर्षानुवर्षांचे काम निरर्थक चिन्हांची रांग होऊन समोर येई. वस्तुतः भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली होती. परंतु प्रमाणक असणे आणि ते महाविद्यालयाच्या टेबलापर्यंत पोहोचणे यांत दीड दशकाचे अंतर पडले. सोलची २००९ ची आवृत्ती आणि कोहा या दोन्ही युनिकोडवर आधारित असल्याने आज तरी नव्या नोंदी देवनागरीत करण्यास तांत्रिक अडथळा नाही.

तथापि युनिकोडने सर्व प्रश्न सुटले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 'वाऱ्यावरची वरात' हे पु. ल. देशपांडे यांच्या प्रसिद्ध कलाकृतीचे नाव घ्यावे. त्यातील अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त चिन्ह येते. दुसरीत साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच दिसते. संगणकाला मात्र ती दोन भिन्न नावे वाटतात. 'ॲरिस्टॉटल' या नावातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे समाविष्ट झाले. तत्पूर्वी ते अ वर चंद्र देऊन लिहिले जाई आणि आजही काही कळफलकांवरून तसेच उमटते. नोंद एका रीतीने आणि शोध दुसऱ्या रीतीने झाला की ग्रंथ हरवतो. चूक ना ग्रंथपालाच्या डोळ्यांना दिसते, ना वाचकाच्या.

वर्णानुक्रमाचाही असाच घोटाळा आहे. मराठी वर्णमालेत ळ, क्ष आणि ज्ञ हे वर्ण ह नंतर शेवटी येतात. युनिकोडच्या तक्त्यात ळ चे स्थान ल आणि व यांच्या मध्ये आहे, तर क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने ती अनुक्रमे क आणि ज यांच्या पोटात जातात. त्यामुळे केवळ तक्त्याच्या क्रमाने लावलेली मराठी ग्रंथांची यादी कोशाच्या क्रमाशी जुळत नाही. युनिकोड संघटनेनेच प्रसृत केलेल्या स्थानिकीकरणाच्या माहितीसंचात मराठीसाठी स्वतंत्र क्रम दिलेला आहे. तो प्रणालीत योजला गेला आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते. कोहामध्येही रोमनेतर लिप्यांतील शोधासाठी अनुक्रमणीची वेगळी योजना निवडावी लागते. प्रणाली बसवून देणारा तंत्रज्ञ मराठी शीर्षक टंकित करून तपासणी करीलच असे नाही. ते ग्रंथपालाने करावयाचे असते, आणि त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. मराठी वर्णमाला येत असली की पुरते.

शुद्धलेखन आणि टोपणनावे

लिपीनंतर शुद्धलेखनाचा प्रश्न येतो आणि तो केवळ मराठीचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. 'नांव'चे 'नाव' झाले, 'कवि'चा 'कवी' झाला. तालिकीकरणाचा नियम असा की शीर्षक शीर्षकपृष्ठावर असेल तसेच उतरवावे. म्हणजे १९६२ पूर्वीच्या ग्रंथांची शीर्षके जुन्या लेखनात राहणार, आणि आजचा विद्यार्थी शाळेत शिकलेल्या लेखनाने शोध घेणार. पत्रतालिकेत दोन्ही रूपे खणात जवळजवळ येत असल्याने नजर चुकत नसे. संगणकाला जवळपास म्हणजे काय ते, सांगितल्याशिवाय, कळत नाही.

यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. संगणकीय नोंदीसाठी सर्वत्र मान्य असलेली मार्क पद्धती हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात विकसित झाली. तिच्या मार्क २१ या प्रचलित रूपात मूळ शीर्षकासाठी २४५ क्रमांकाचे क्षेत्र आहे, तर शीर्षकाच्या पर्यायी रूपांसाठी २४६ क्रमांकाचे. दुसऱ्या लिपीतील रूप देण्यासाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र उपलब्ध आहे. मूळ शीर्षक आहे तसे ठेवून आजच्या लेखनातील रूप २४६ मध्ये आणि रोमन रूप जोडक्षेत्रात दिले, की तीनही प्रकारे शोधणाऱ्यास तोच ग्रंथ मिळतो. हे एका नोंदीस दोन मिनिटांचे काम आहे. परंतु नगामागे दर ठरवून झालेल्या नोंदींत ही क्षेत्रे बहुधा रिकामी असतात, कारण ती भरल्याचे पैसे कोणी देत नाही आणि न भरल्याचे कोणी विचारत नाही.

ग्रंथकारांच्या नावांबाबत मराठी तालिकाकारास विशेष सावध राहावे लागते. कवितेच्या पुस्तकांवर 'कुसुमाग्रज' आणि नाटकांवर वि. वा. शिरवाडकर, कवितांवर 'आरती प्रभु' आणि कादंबऱ्या-नाटकांवर चिं. त्र्यं. खानोलकर. राम गणेश गडकरी यांची तर तीन रूपे : नाटककार म्हणून स्वतःच्या नावाने, कवी म्हणून 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखक म्हणून 'बाळकराम'. आंग्ल-अमेरिकन तालिकासंहितेनुसार अशा लेखकाची भिन्न लेखनव्यक्तित्वे स्वतंत्र शीर्षकांखाली ठेवून त्यांच्यात परस्परनिर्देश द्यावयाचे असतात. याउलट 'केशवसुत' यांच्यासारख्या कवीच्या बाबतीत प्रसिद्ध नावच मुख्य ठेवून कृष्णाजी केशव दामले या नावाकडून त्याकडे निर्देश पुरेसा होतो. यासाठी प्रमाण नावांची एक स्वतंत्र संचिका ठेवावी लागते. बहुतेक प्रणालींत तिची सोय असते. ती वापरली गेलेली क्वचितच आढळते. त्याचा परिणाम असा की एकाच लेखकाचे ग्रंथ आडनाव आधी, आडनाव शेवटी, आद्याक्षरांमध्ये जागा सोडून, जागा न सोडता, पूर्ण नावाने आणि टोपणनावाने अशा पाच-सहा ठिकाणी विखुरतात. खानोलकरांवर लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक त्यांची कविता दाखवीतच नाही, आणि आपल्याला काय दाखविले गेले नाही हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

वर्गीकरणातील अडचणींचा येथे केवळ उल्लेख पुरे. ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा वर्गांक आहे. ज्ञानेश्वरी मराठी काव्य म्हणून तेथे ठेवावी की भगवद्गीतेवरील भाष्य म्हणून २९४.५९२४ येथे, याचे उत्तर ग्रंथालयागणिक वेगळे मिळते. कपाटात ग्रंथाला एकच जागा असते. तालिकेत मात्र त्याला दोन्ही विषय देता येतात. संगणकाचा हा लाभ मराठी संतवाङ्मयाइतका अन्यत्र क्वचितच उपयुक्त असेल.

न दिसणाऱ्या ग्रंथाचे भवितव्य

सदोष नोंद ही केवळ गैरसोय नव्हे. ग्रंथालयात जागा मर्यादित असते आणि ठरावीक काळाने साठा पडताळणी व निर्लेखन करावेच लागते. पूर्वी निर्लेखनासाठी ग्रंथ निवडताना अनुभवी ग्रंथपाल आणि विषयाचे प्राध्यापक कपाटापुढे उभे राहून निर्णय घेत. आता संगणक एक यादी काढून देतो : गेल्या दहा वर्षांत एकदाही न दिलेले ग्रंथ. ही यादी वस्तुनिष्ठ वाटते. पण ज्या ग्रंथाची नोंद शोधात येतच नाही, तो मागितला कसा जाणार? मागितला गेला नाही म्हणून तो यादीत येतो आणि यादीत आला म्हणून रद्दीत जाण्याचा धोका उत्पन्न होतो. १९४० किंवा १९५० च्या दशकातील, पुन्हा न छापलेला मराठी ग्रंथ अशा रीतीने गेला, तर तो त्या तालुक्यातून कायमचा गेला असे समजावे. इंग्रजी पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती मिळते. या ग्रंथांची मिळत नाही.

अशा ग्रंथांचे अंकीकरण करण्यास कायद्याची आडकाठी समजली जाते तितकी नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे राहतात. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ च्या प्रारंभापासून सर्वांना मुक्त आहे. हक्क शिल्लक असलेल्या ग्रंथांबाबतही, २०१२ च्या दुरुस्तीनंतर बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास आपल्या संग्रही असलेल्या मुद्रित ग्रंथाची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत साठविण्याची मुभा आहे. ती प्रत सर्वांना वाटण्याची मुभा मात्र नाही, आणि हा भेद समजावून सांगणे हेही आता ग्रंथपालाचेच काम झाले आहे.

ग्रंथपालाचे बदललेले दिवसमान

राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमान्वये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान घेतात. तेथील सेवकांची आर्थिक स्थिती हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर विषय आहे. महाविद्यालयीन ग्रंथपाल वेतनाच्या दृष्टीने तुलनेने सुस्थित आहे. या पदाला सहायक प्राध्यापकाप्रमाणे वेतनश्रेणी असून पात्रतेसाठी नेट अथवा सेट परीक्षा आहे. त्याची अडचण वेगळी आहे : त्याचे काम वाढले, पण ज्या कामासाठी तो शिकला ते मागे पडले.

राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या निकषांत ग्रंथालयाला स्थान मिळाले ही निःसंशय इष्ट गोष्ट होती. ग्रंथालयांना संगणक मिळाले त्यात या निकषांचा मोठा वाटा आहे. परंतु माहिती मागविली गेली ती प्रणालीचे नाव, तिची आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः आणि कोणत्या वर्षी, अशी. मराठी शीर्षक टंकित केल्यास ग्रंथ सापडतो काय, असा प्रश्न त्यात नाही. जे मोजले जाते ते केले जाते, आणि नोंदीची गुणवत्ता कोणी मोजत नाही.

याशिवाय गेल्या पंधरा-सोळा वर्षांत ग्रंथपालाकडे नवी कामे आली. २०१० मध्ये सुरू झालेल्या एन-लिस्ट कार्यक्रमामुळे महाविद्यालयांना हजारो इलेक्ट्रॉनिक नियतकालिके व ग्रंथ उपलब्ध झाले. प्रत्येक प्राध्यापक व विद्यार्थ्यास सदस्यनाम देणे, ते वापरावयास शिकविणे आणि वापराची आकडेवारी ठेवणे ग्रंथपालाकडे आले. वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारी विद्यापीठ अनुदान आयोगाची विनियमावली २०१८ मध्ये आली. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून त्यापुढे तीन स्तर तिने ठरविले, आणि साम्यतपासणीचे काम पुष्कळ ठिकाणी ग्रंथालयात येऊन थांबले. २०१९ पासून संशोधकांना मान्य नियतकालिकांची केअर यादी पाहून देणे हा नित्यक्रम झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादी बंद केली, तेव्हा नियतकालिक विश्वसनीय आहे की पैसे घेऊन काहीही छापणारे आहे याचा निर्णय यादीवाचून करण्याची जबाबदारी संशोधकावर आणि त्याच्या प्रश्नांना उत्तर देणाऱ्या ग्रंथपालावर आली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर ग्रंथालय म्हणजे घरबसल्या मिळणारी सेवा असा अर्थ एका रात्रीत रूढ झाला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केलेली 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची आहे. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्याद्वारे केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना उपलब्ध व्हावयाची आहेत. विज्ञानशाखेच्या संशोधकांना हा लाभ थोर आहे. मराठी, इतिहास अथवा समाजशास्त्र यांतील प्रादेशिक विषयावर काम करणाऱ्याच्या पदरात मात्र यातून थोडेच पडते. त्याला हवे असलेले साहित्य १९८२ मध्ये बंद पडलेल्या 'सत्यकथा'च्या किंवा वाईहून निघणाऱ्या 'नवभारत'च्या बांधीव खंडांत असते. ते खंड अनेक जुन्या महाविद्यालयांत आहेत आणि त्यांतील लेखांची संगणकीय सूची बहुतेक ठिकाणी नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी या प्रश्नाला नवे टोक आणले आहे. २०२२ च्या अखेरीपासून ही साधने सर्वांच्या हाती आली आणि विद्यार्थी त्यांच्याकडून मिळालेली संदर्भसूची घेऊन ग्रंथालयात येऊ लागले. लेखकाचे नाव खरे, प्रकाशनसंस्था खरी, वर्ष शक्य कोटीतील, आणि असा ग्रंथ मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असे त्यात आढळते. इंग्रजी ग्रंथाबाबत ही तपासणी काही मिनिटांत होते. मराठी ग्रंथाबाबत तालिकेत नोंद सापडली नाही याचा अर्थ ग्रंथ अस्तित्वात नाही असा, की नोंद सदोष आहे असा, हे ठरविता येत नाही. दाते यांची सूची उघडावी तर ती १९५० पाशी थांबते.

सहकार्याचा मार्ग

एकेका महाविद्यालयाने स्वतंत्रपणे चाळीस हजार नोंदी सुधाराव्यात ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. ती तशी करण्याचे कारणही नाही. राज्यातील महाविद्यालयांतील मराठी संग्रह बऱ्याच अंशी समान आहेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील ग्रंथ खरेदी करीत असून त्यांत मराठी ग्रंथही आहेत. त्यांच्या नोंदी शास्त्रीय लिप्यंतरासह उपलब्ध आहेत आणि झेड ३९.५० या संदेशवहन पद्धतीने कोहा किंवा तत्सम प्रणालीत विनामूल्य उतरवून घेता येतात. पुण्यात छापलेल्या ग्रंथाची निर्दोष नोंद वॉशिंग्टनहून आणावी लागावी हे काहीसे विचित्र आहे, पण नोंद निर्दोष आहे. तिला देवनागरी रूप आणि आजच्या लेखनातील पर्यायी शीर्षक जोडणे एवढेच काम उरते.

ज्यांच्या नोंदी अशा रीतीने मिळत नाहीत ते ग्रंथ, म्हणजे स्थानिक प्रकाशकांची पुस्तके, स्मरणिका, गौरवग्रंथ, जिल्ह्याच्या इतिहासाच्या पुस्तिका, हेच प्रत्येक ग्रंथालयाचे खरे स्वतंत्र धन होय. एका जिल्ह्यातील सात-आठ महाविद्यालयांनी लेखकांच्या आद्याक्षरांप्रमाणे हे काम वाटून घेतले, प्रमाण नावांची एकच संचिका ठेवली आणि तयार नोंदी आयएसओ २७०९ या विनिमयरूपात परस्परांना दिल्या, तर प्रत्येक ग्रंथाची नोंद एकदाच करावी लागेल. यासाठी नवी प्रणाली घ्यावी लागत नाही. प्रारंभ निर्लेखनाच्या यादीपासून करणे सर्वांत उपयुक्त ठरेल : यादीतील प्रत्येक मराठी ग्रंथ आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये शोधून पाहावा, आणि जो सापडत नाही तो यादीतून काढून नोंदीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या कपाटात ठेवावा.